धोतरा: पत्रीतलं पान आणि वॉर्डातली अ‍ॅम्प्यूल

गणपतीच्या आदल्या दिवशी आजी मला पत्री गोळा करायला बरोबर न्यायची. दूर्वा, आघाडा, माका, शमी, डोरली सगळं मी खुडायचं आणि परडीत टाकायचं. धोतऱ्याचं पान मात्र ती स्वतः खुडायची, आणि लगेच हौदावर जाऊन हात धुवायची. "याला हात लावलास तर डोळ्याला लावू नकोस," एवढीच तिची ताकीद.

मी नऊ वर्षांची असताना तिची नजर चुकवून धोतऱ्याचं बोंड तोडलं, हाताने फोडलं आणि थोड्या वेळाने डोळा चोळला. संध्याकाळी आईच्या लक्षात आलं की माझ्या उजव्या डोळ्यातली बाहुली डावीच्या दुप्पट झाली आहे. उजेड सोसेना, पुस्तकातली अक्षरं फिसकटलेली दिसायला लागली. गावच्या डॉक्टरांनी बॅटरीचा झोत मारला, तर डावी बाहुली आक्रसली आणि उजवी तशीच टक्क उघडी राहिली. त्यांनी आईला दुसरं काही विचारलंच नाही. मलाच म्हणाले, "कुठल्या झाडाला हात लावला होतास, बाळ?" डोळा पूर्ववत व्हायला काही दिवस लागले. पुढे मी औषधशास्त्राकडे वळले, त्याची सुरुवात त्या बोंडापासून झाली असं मला मनापासून वाटतं.

धोतरा माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. उकिरड्याच्या कडेला, गावठाणात, पडीक जागेत, रस्त्याच्या खडीतही तो येतो. कर्ण्यासारखं लांब, पांढरं किंवा जांभळट फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्री पतंगांना बोलावतं. फळ काटेरी, चेंडूसारखं गोल. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी ते महादेवाला वाहतात. वनस्पतिशास्त्रात याचं नाव दातुरा मेटेल. लिनियसने 1753 साली या प्रजातीला दिलेलं 'दातुरा' हे नाव आपल्या 'धत्तूर'वरूनच आलं आहे.

आता याचं गोत्र पाहा. बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची, तंबाखू, अश्वगंधा, शेताच्या बांधावरची कामोणी आणि रिंगणी ही सगळी धोतऱ्याची भावंडं, वांग्याच्या कुळातली. गणपतीच्या एकवीस पत्रींतली डोरलीही त्याच घरातली. एकाच कुळातली काही झाडं रोज ताटात येतात आणि काही माणसाला वेड लावतात. हा फरक पडतो झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी कुठलं रसायन निवडलं त्यावर. मिरचीने तिखटपणा निवडला, तंबाखूने निकोटीन आणि धोतऱ्याने अ‍ॅट्रोपीनच्या घराण्यातली अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतींत तयार होणारी, शरीरावर जोरदार परिणाम करणारी नायट्रोजनयुक्त रसायनं. त्यातली दोन नावं लक्षात ठेवा, हायोसायमिन आणि स्कोपोलामाइन. अ‍ॅट्रोपीन हे हायोसायमिनचंच थोडं बदललेलं रूप. रेणू तोच, पण त्याची मूळ घडण आणि आरशातली प्रतिमा दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळलेली.

ही रसायनं तयार होतात मुळांत, आणि तिथून पानाफुलांत आणि बियांत चढतात. हे ओळखायला शास्त्रज्ञांनी एक सुरेख प्रयोग केला. धोतऱ्याच्या मुळावर टोमॅटोचं कलम बांधलं, तर टोमॅटोच्या झाडातही ही अल्कलॉइडं उतरली. कुणी उत्साहाने घरी असलं कलम करायला जाऊ नये, म्हणून सांगून ठेवते.

मग माझ्या डोळ्याला नेमकं काय झालं होतं?

आपल्या शरीरात अनेक कामं आपल्याला न विचारता चालू असतात. लाळ सुटते, घाम येतो, आतडं हलतं, उजेडात बाहुली लहान होते, विश्रांतीत हृदय सावकाश चालतं. यातल्या बहुतेक कामांचे निरोप अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा एक छोटा रेणू पोचवतो. नसेच्या टोकाकडून तो निघतो आणि समोरच्या पेशीवरच्या कुलपात किल्लीसारखा बसतो. कुलूप उघडलं की निरोप मिळाला. 1921 साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर प्रयोग करून हे दाखवलं. एका हृदयाची नस चेतवून ते मंद केलं, त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर दुसरंही मंद झालं. म्हणजे निरोप विजेच्या ठिणगीने जात नव्हता, द्रवात विरघळलेल्या रसायनाने जात होता. या शोधासाठी त्यांना हेन्री डेल यांच्यासह 1936 चं नोबेल मिळालं.

अ‍ॅट्रोपीन ही त्याच कुलपात बसणारी खोटी किल्ली आहे. ती आत जाते, फिरत नाही आणि अडकून बसते. खरी किल्ली दाराशी येऊन परत जाते. माझ्या डोळ्यात बाहुली लहान करणाऱ्या स्नायूचं कुलूप असं अडकलं होतं, म्हणून ती उजेडातही उघडीच राहिली. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातलं भिंग फुगवणारा दुसरा एक स्नायू असतो, तोही ढिला पडला होता. म्हणून अक्षरं फिसकटली. डोळ्याच्या दवाखान्यात थेंब घालून तासभर बसवतात आणि नंतर उन्हात डोळे दिपतात, तेव्हाही हेच होतं. फक्त तिथे बहुतेकदा लवकर ओसरणारं कृत्रिम औषध वापरतात. युरोपात पूर्वी बायका धोतऱ्याच्याच कुळातल्या बेलाडोनाचा रस डोळ्यात घालून बाहुल्या मोठ्या करून घ्यायच्या. बेलाडोना म्हणजे इटालियनमध्ये 'सुंदर स्त्री', आणि अ‍ॅट्रोपीन हे नाव त्याच झाडाच्या शास्त्रीय नावावरून पडलं.

एवढं समजलं की विषबाधेची सगळी लक्षणं पाठ न करताही सांगता येतात. लाळेचं कुलूप अडकलं की तोंड कोरडं, घामाचं अडकलं की अंग तापतं. घामाविना उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून कातडी लाल, गरम आणि कोरडी होते. हृदयाला आवर घालणारा निरोप थांबला की ते धावत सुटतं. आतडं थंडावतं, लघवी तुंबते. आणि मात्रा मेंदूपर्यंत पोचली की माणूस भ्रमिष्ट होतो. समोर नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेतले न दिसणारे धागे वेचतो, चादर चाचपत राहतो. संस्कृतात धोतऱ्याचं एक नाव 'उन्मत्त' आहे. ज्यांनी ते ठेवलं त्यांनी हे रुग्ण जवळून पाहिले असणार.

आता याच अडवणुकीचा उपयोग कसा करून घेतला ते पाहू.

ज्या गोष्टीबद्दल मला सर्वात जास्त बोलावंसं वाटतं, ती आपल्या विदर्भातली. खेड्यात कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. 'कपाशीवर औषध मारलं' म्हणतात, आणि दुर्दैवाने कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर 'औषध प्यायला' असंही म्हणतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉस, शरीरात धोतऱ्याच्या बरोबर उलटं काम करतात. अ‍ॅसिटिलकोलीनने निरोप दिला की त्याला लगेच मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं. कीटकनाशक त्या विकरालाच जखडून ठेवतं. मग किल्ल्या साचत जातात आणि सगळी कुलपं उघडी ती उघडीच राहतात. तोंडातून फेस, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, घामाने निथळलेलं अंग, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, मंदावलेलं हृदय. माणूस स्वतःच्याच फुप्फुसातल्या पाण्यात बुडायला लागतो.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. तिथे अनेक कीटकनाशकांची मिश्रणं होती आणि त्यांतल्या सगळ्यांवर अ‍ॅट्रोपीन चालत नाही. पण जिथे ऑर्गनोफॉस्फेट आहे, तिथे तालुक्याच्या दवाखान्यात पहिलं हाताशी घेतलं जातं ते अ‍ॅट्रोपीनच.

आपल्याकडची साधी अ‍ॅम्प्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची छोटी काचेची कुपी, 0.6 मिलिग्रॅमची. इतर वेळी एखाददुसरी पुरते. हृदय फार मंद झालेल्या रुग्णाला ती तेवढ्यावर सावरू शकते. कीटकनाशकाच्या रुग्णाला मात्र सुरुवातीलाच दोन-चार अ‍ॅम्प्यूल देतात, पाच मिनिटांनी छाती तपासतात, घरघर असेल तर मात्रा दुप्पट करतात आणि पुन्हा तपासतात. छाती कोरडी होईपर्यंत आणि नाडी वर येईपर्यंत हे चालू राहतं. काहींना एका रात्रीत पन्नास-शंभर अ‍ॅम्प्यूल लागतात. फोडलेल्या काचेच्या तोंडांचा ढीग ट्रेमध्ये साचतो. मात्रा जरा जास्त झाली की रुग्ण बडबडू लागतो, चादर वेचतो, ताप चढतो आणि नातेवाईक घाबरून म्हणतात, "याला वेड लागलं." ते वेड धोतऱ्याचं असतं. डॉक्टर हात आखडता घेतात, काही वेळाने ते ओसरतं.

अ‍ॅट्रोपीनने सगळं भागत नाही, हेही सांगायला हवं. हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर अ‍ॅसिटिलकोलीनची दुसऱ्या जातीची कुलपं असतात. तिथे अ‍ॅट्रोपीन बसत नाही. त्यामुळे घरघर थांबलेला रुग्णही नंतर श्वास घेता न आल्याने व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. 'इंजेक्शन दिलं, आता घरी नेतो' म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती असते, की काही दिवस थांबा.

आणि प्रत्येक विषाला अ‍ॅट्रोपीन उतारा नाही. लाल विंचवाच्या दंशात रुग्णाला घाम येतो, लाळ सुटते, म्हणून पूर्वी कुणी कुणी अ‍ॅट्रोपीन द्यायचे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात वर्षानुवर्षं अशा रुग्णांवर उपचार केले. प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध त्यांनी त्यासाठी रूढ केलं, आणि अ‍ॅट्रोपीनने अशा रुग्णाच्या आधीच ताणाखाली असलेल्या हृदयावरचा भार वाढतो, हेही बजावलं.

दम्याची गोष्ट मद्रासहून सुरू होते. धोतऱ्याचा धूर ओढला की दमेकऱ्याची छाती मोकळी होते हे आपल्याकडे जुनंच ज्ञान. 1802 च्या सुमारास मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांच्याकडून ते एडिंबरोला पोचलं आणि तिथून युरोपभर पसरलं. पुढची दीडशेहून अधिक वर्षं औषधाच्या दुकानांत धोतऱ्याच्या जातीच्या पानांच्या 'दम्याच्या सिगारेटी' विकल्या जात होत्या. श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळायचा निरोप अडवला की नळी सैल होते, हे तत्त्व खरंच होतं. पण धुराबरोबर औषध रक्तात जायचं, मेंदूत जायचं, कफ वाळून घट्ट व्हायचा. आणि प्रत्येक झुरक्यात मात्रा किती, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

रसायनशास्त्रज्ञांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी अ‍ॅट्रोपीनच्या रेणूतल्या नायट्रोजनला एक जास्तीचा गट जोडला. त्यामुळे त्या रेणूवर कायमचा धन विद्युतभार आला. मेंदूभोवतीचा पडदा तेलकट असतो, आणि भार असलेले रेणू तेलातून सहजी पार होत नाहीत. म्हणजे औषध फुप्फुसात काम करतं, पण मेंदूच्या दाराबाहेरच थांबतं. हेच इप्रॅट्रोपियम. दमेकऱ्याला नेब्युलायझरच्या वाफेतून ड्युओलिन नावाचं औषध देतात, त्यातल्या दोन औषधांपैकी एक हेच असतं. पोटात मुरडा आला की मिळणारं बस्कोपॅनही तसंच, फक्त ते स्कोपोलामाइनपासून बनतं. ऑस्ट्रेलियात डुबोइसिया नावाचं याच कुळातलं झाड आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाजावरच्या सैनिकांना उलट्या होऊ नयेत म्हणून त्यापासून स्कोपोलामाइन काढलं जाई. आज प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे चिकटवायची स्कोपोलामाइनची छोटी पट्टी परदेशात मिळते. तीन दिवस त्यातून औषध अगदी सावकाश झिरपतं. ती पट्टी हाताळून कुणी डोळा चोळला तर त्याचीही बाहुली मोठी होते. आजीची ताकीद तिथेही लागू आहे.

भूल देण्याच्या इतिहासातही धोतरा आहे, आणि तो जपानमध्ये आहे. हानाओका सेइशू हे वाकायामाकडचे शल्यवैद्य. धोतरा आणि बचनाग यांचा त्यांचा पोटात घ्यायचा काढा 'त्सुसेनसान' वर्षानुवर्षांच्या प्रयत्नांतून सिद्ध झाला. 13 ऑक्टोबर 1804 रोजी स्तनाचा कर्करोग झालेल्या साठ वर्षांच्या बाईला तो पाजून त्यांनी गाठ काढली. बॉस्टनमध्ये भूल देणाऱ्या ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं त्याच्या 42 वर्षं आधी. परंपरेने सांगतात की हानाओकांच्या पत्नीने काढा स्वतःवर तपासून घेतला आणि त्यात तिची दृष्टी गेली. तिचं नाव काए. शोधाचं श्रेय मोजताना तिला वगळू नये असं मला वाटतं. जपानीत धोतऱ्याला म्हणतात 'मांदारागे'. हा शब्द बौद्ध ग्रंथांतून गेलेला आपला 'मंदारव' आहे, स्वर्गातून बरसणारं फूल.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग अंगणातल्या धोतऱ्याचा थोडा काढा घेतला तर काय बिघडलं? इथेच माझा जीव अडकतो.

अ‍ॅम्प्यूलमध्ये 0.6 मिलिग्रॅम म्हणजे प्रत्येक अ‍ॅम्प्यूलमध्ये तेवढंच. धोतऱ्यात तसं नाही. पान कोवळं की जून, पाऊस झाला की ताण पडला, फूल आलं की बोंड धरलं, यावर अल्कलॉइडांचं प्रमाण कित्येक पटींनी बदलतं. एकाच झाडाच्या दोन फांद्यांतही फरक असतो. आणि औषधाची मात्रा व बाधा करणारी मात्रा यांच्यातलं अंतर मुळातच फार नाही, लहान मुलांत तर अगदीच थोडं. 'काल दोन पानं घेतली तेव्हा काही झालं नाही' या अनुभवाला म्हणून काही अर्थ उरत नाही.

आयुर्वेदाने हे ओळखलं होतं. धोतऱ्याची गणना तिथे उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत होते. बी तसंच वापरायचं नाही, पोटली बांधून गाईच्या दुधात किंवा गोमूत्रात शोधन करायचं, म्हणजे त्याची विषारी तीव्रता कमी करायची, आणि मगच औषधात घालायचं. श्वासविकारांवरचं कनकासव हे धोतऱ्याचंच, 'कनक' हे त्याचं दुसरं नाव. आपल्या औषध नियमांतही धोतऱ्याचं बी विषारी द्रव्यांच्या ई(1) अनुसूचीत आहे, म्हणून असं औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचं असतं. ज्या परंपरेचं नाव घेऊन लोक मोबाइलवर नुस्खे पाठवतात, तिने एवढी खबरदारी घेतली होती. 2020 च्या एप्रिलमध्ये आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात एक व्हिडिओ पाहून दोन कुटुंबांतल्या दहा-बारा जणांनी धोतऱ्याच्या बियांचं पाणी प्यायलं आणि सगळे दवाखान्यात पोचले. व्हिडिओतलं कारण काय, तर काटेरी बोंड कोरोना विषाणूसारखं दिसतं.

नकळतही बाधा होते. धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी पटकन वेगळं ओळखू येत नाही, आणि याचा फायदा घेऊन चहात, लाडवात बी कुटून घालणारे चोर आपल्याकडे फार पूर्वीपासून होते. म्हणून न्यायवैद्यकाच्या वर्गात हे दोन्ही शेजारी ठेवून शिकवतात. मिरचीचं बी पातळ, फिकट पिवळं, गुळगुळीत आणि तिखट. धोतऱ्याचं जाडसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरी, बारीक खड्ड्यांचं, कडू, आणि त्याची बाहेरची कड दुहेरी. बी उभं चिरलं तर मिरचीच्या बीतला अंकुर टोकाशी आत वळलेला दिसतो, धोतऱ्यातला बाहेर. धान्यातही तण म्हणून हे बी येतं. 2019 साली युगांडात मदत म्हणून वाटलेल्या पिठात धोतऱ्याच्या जातीचं बी मिसळलं गेलं होतं. पाच माणसं गेली, शेकडो आजारी पडली. सोयाबीन-ज्वारीच्या शेतात धोतरा दिसला तर बोंड धरायच्या आत उपटावा, हातमोजे घालून.

बंगल्यांच्या बागांत, थंड हवेच्या ठिकाणी खाली लोंबणारे मोठे कर्णे फुललेले दिसतात. ते ब्रुगमान्सिया, धोतऱ्याचे सख्खे चुलत भाऊ, आणि विषही तेच. मुलं फुलं तोडून तोंडाला लावून 'पिपाणी' वाजवतात, तेवढं होऊ देऊ नका.

कुणी धोतरा खाल्ल्याचा संशय आला तर अर्ध्या-एक तासात लक्षणं दिसू लागतात आणि दिवस-दोन दिवस टिकतात. उलटी करवायला मीठ-पाणी पाजू नये. भ्रमातल्या माणसाच्या घशात काही ओतलं तर ते फुप्फुसात जातं. त्याला बांधून, ओरडून आवरू नये. कमी उजेडाच्या शांत खोलीत ठेवावं, अंग तापलं असेल तर ओल्या फडक्याने पुसत राहावं आणि सरळ दवाखाना गाठावा. तिथे पोटातलं विष शोषायला सक्रिय कोळसा, झटके-अस्वस्थता आवरायला औषध, तुंबलेल्या लघवीसाठी नळी, आणि गरज पडली व उपलब्ध असेल तर फायसोस्टिग्मिन देतात. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेतलं हे औषध त्याच विकराला जखडतं ज्याला कीटकनाशक जखडतं, पण थोड्या वेळापुरतं. किल्ल्या साचल्या की अडकलेल्या कुलपांतून खोटी किल्ली हळूहळू बाहेर पडते.

आणि निघताना झाडाची फांदी, उरलेलं बोंड किंवा भांड्यातला काढा एका पिशवीत घालून सोबत न्या. बोंड फोडून बघू नका, पिशवी बांधली की साबणाने हात धुवा, आणि तोवर डोळ्याला लावू नका.